ताप उतरला, तरी माणूस उठला नाही

सदर : घर आणि आरोग्य



लालबागकडच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. पोराच्या वहीची चार पाने फाडून लिहिलेले. नाव-पत्ता छापू नका असे तिने दोनदा बजावले आहे, म्हणून छापत नाही. तिचे मिस्टर एका ठेकेदाराकडे सिक्युरिटी गार्ड आहेत. बारा तासांची ड्यूटी. पावसाळ्यात त्यांना सणकून ताप आला, डोके फुटेल असे दुखू लागले, उलट्या झाल्या, मान खाली वळेना. इस्पितळात नेले. पाठीतले पाणी काढून तपासले. डॉक्टरांनी 'व्हायरल मेनिंजायटिस' असे सांगितले आणि नवव्या दिवशी "बरे आहेत, आता घरी आराम करू द्या" म्हणून सोडले.

त्याला आता अडीच महिने होत आले. ताप नाही, उलटी नाही. जेवतात. चेहराही टवटवीत दिसतो. पण तासभर बसले की डोके धरतात. ट्यूबलाईट लावू देत नाहीत. ज्या माणसाने पोरांवर कधी आवाज चढवला नाही, तो टीव्ही लावला की अंगावर ओरडतो. एक हंडा पाणी आणले की तासभर आडवे होतात. बाजारात पाठवले तर चार जिनसांतल्या दोन विसरून येतात. सासूबाई म्हणतात, कामाचा कंटाळा आला आहे. दीर म्हणतात, "खाऊन-पिऊन झोपा काढायला कुणाला नको?" शेजारीण म्हणते, बाहेरचे लागले असेल, एकदा दाखवून ये. मुकादमाचा निरोप आहे की सोमवारी आला नाही तर दुसरा माणूस उभा करतो.

शेवटच्या पानावर ती विचारते, "ताई, खरं काय ते सांगा. हे सोंग करतात, का यांचं डोकं कायमचं गेलं?"

भगिनी, दोन्ही नाही. तुमचे मिस्टर सोंग करीत नाहीत आणि त्यांचे डोकेही गेलेले नाही. ते अजून आजारी आहेत, एवढेच. आजार आता बाहेरून दिसत नाही. हे उत्तर टपालाने पाठवता आले असते, पण अशी घरे एक-दोन नसतात. इस्पितळातल्या नऊ दिवसांत सगळी चाळ डबे घेऊन धावते आणि पुढचे तीन महिने माणसाला एकट्यालाच काढावे लागतात. म्हणून हे सगळ्यांसाठी लिहिते.

आधी आजार समजून घेऊ. आपल्या मेंदूवर आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूवर पातळ पदरांचे आवरण असते. त्या पदरांमध्ये स्वच्छ पाणी खेळत असते. या आवरणाला सूज आली की त्याला मेनिंजायटिस म्हणतात. आपल्याकडे सरसकट 'मेंदूज्वर' म्हणण्याची पद्धत आहे, पण त्या एका शब्दात दोन वेगळे आजार येतात. आवरण सुजणे वेगळे आणि खुद्द मेंदू सुजणे वेगळे. मेंदू सुजला की माणूस बरळतो, फिट येते, शुद्ध हरपते. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात सापडलेला विषाणू हा त्या दुसऱ्या प्रकारातला. २००३ साली आंध्र प्रदेशात व महाराष्ट्रात आणि २०२४ साली गुजरातेत त्याने लहान मुलांचे बळी घेतले. 'मेंदूज्वर' हा शब्द कानावर पडला की लोकांच्या डोळ्यांसमोर तेच येते आणि घर हादरून जाते.

आवरणाची सूज जिवाणूंनी येते, क्षयाच्या जंतूंनी येते, तशीच विषाणूंनीही येते. जिवाणूंची सूज तासातासाला माणसाला खाली नेते, तिथे उशीर म्हणजे जिवाशी गाठ. क्षयाची सूज हळूहळू, दोन-तीन आठवड्यांत चढते आणि तिला नऊ महिने ते वर्षभर औषध लागते. विषाणूंची सूज त्या मानाने सौम्य. तिच्यातून बहुतेक माणसे पूर्ण बरी होतात. 'सौम्य' हा अर्थात डॉक्टरांचा शब्द आहे. ज्याचे डोके ठणकते त्याला तो कधी पटलेला मी पाहिला नाही.

हे विषाणू पुष्कळदा आतड्यात वाढणाऱ्या जातीचे असतात. त्यांना एन्टेरोव्हायरस म्हणतात. पोलिओचा विषाणू याच भावकीतला. परळला हाफकिन इन्स्टिट्यूटचे आवार आपल्याला बाहेरून माहीत असते. त्याच आवारात या विषाणूंचे सरकारी संशोधन केंद्र आहे. आता ते पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचे मुंबई केंद्र म्हणून चालते. अचानक लुळ्या पडलेल्या लेकरांच्या शौचाचे नमुने तिथे तपासले जात. भारताला २०१४ च्या मार्चमध्ये पोलिओमुक्तीचा दाखला मिळाला, त्यामागे परळच्या या प्रयोगशाळेचेही काम आहे. पोलिओला लस सापडली. त्याच्या बाकीच्या भाऊबंदांपैकी बहुतेकांवर आपल्याकडे अजून लसही नाही आणि नेमके औषधही नाही. म्हणून डॉक्टर ताप-दुखीचे औषध देतात, सलाईन लावतात आणि आराम सांगतात. ते हयगय करीत नाहीत, उपचारच तेवढा आहे. नागिणीसारख्या काही विषाणूंना मात्र औषध असते. ते डॉक्टर तपासून ठरवतात.

इथे नातेवाइकांचा आणखी एक गैरसमज होतो. सुरुवातीला रिपोर्ट हातात नसतो, म्हणून डॉक्टर जिवाणूंवरची इंजेक्शने चालू करतात. रिपोर्टात विषाणू ठरला की ती बंद करतात. घरच्यांना वाटते, औषध काढून घेतले म्हणजे आशा सोडली. उलट, ही चांगली बातमी असते.

आणि पाठीतले पाणी. "पाठीत सुई मारली की माणूस लुळा होतो" हे ऐकून कितीतरी घरचे लोक सही द्यायला नकार देतात. आपल्या भागात इस्पितळाची धास्ती जुनी आहे. १८९६ च्या प्लेगात ऑक्टोबर महिन्यात आर्थर रोडच्या इस्पितळावर, म्हणजे आजच्या चिंचपोकळीच्या कस्तुरबावर, गिरणी कामगारांचा मोठा जमाव चालून गेला होता. आत नेलेल्यांना मारतात अशी आवई उठली होती. त्या वेळच्या सरकारची जबरदस्ती बघता त्या कामगारांना मी फार दोष देणार नाही. पण आज सुईला घाबरण्याचे कारण नाही. मज्जारज्जू कमरेच्या वरच संपतो आणि सुई त्याच्या खालच्या मणक्यांच्या फटीत घालतात, तिथे मज्जारज्जू नसतोच. काहींना नंतर काही दिवस डोके दुखते, बसले की जास्त आणि आडवे झाले की कमी. पडून राहावे, पाणी-सरबत भरपूर घ्यावे, बहुतेकांचे ते आपोआप जाते. न गेले तर परत दाखवावे. पण ते पाणी तपासल्याशिवाय जिवाणू, क्षय की विषाणू हे नक्की कळत नाही. मुंबईत, जिथे क्षय गल्लीगल्लीत आहे, तिथे हे न कळणे फार महागात पडते. घरच्यांनी सही द्यावी.

आता पत्रातल्या खऱ्या प्रश्नाकडे. ताप, उलट्या, मान आखडणे हे सारे आठ-दहा दिवसांत ओसरते. मागे राहतो तो थकवा, डोकेदुखी, उजेड आणि आवाज सहन न होणे, विसराळूपणा, चिडचिड, रात्रीची तुटक झोप, अधूनमधून चक्कर. हे काहींचे दोन-तीन आठवड्यांत जाते, काहींचे काही महिने रेंगाळते. चिकुनगुनिया आपण सगळ्यांनी पाहिला आहे. ताप चार दिवसांचा आणि सांधे महिनोन् महिने धरलेले. तिथे कोणी सोंग म्हणत नाही, कारण माणूस भिंत धरून चालताना दिसतो. इथे दुखणे डोक्याच्या आत आहे आणि हातपाय धड दिसतात. एवढ्या फरकावर घरात त्याची किंमत ठरते.

या काळात सगळ्यात जास्त फसवतो तो चांगला दिवस. सकाळी डोके हलके वाटते, माणसाला हुरूप येतो, तो पाणी भरतो, माळा आवरतो, दादरला जाऊन येतो. पुढचे तीन दिवस अंथरुणात. घरचे म्हणतात, काल तर चांगला फिरत होता! रोजंदारीवरच्या माणसाला एक हिशेब पटतो. आजची रोजी सकाळीच उडवली तर संध्याकाळी चूल पेटत नाही. शक्तीची रोजी या दिवसांत निम्मीच मिळते आहे असे धरावे आणि ती दिवसभर पुरवून खावी. पहिल्या आठवड्यात विहारापर्यंत चालत जाऊन यावे, इतकेच. ते तीन-चार दिवस निभावले तर थोडे पुढे. काम वीस मिनिटांचे, मग डोळे मिटून पडणे, मग पुन्हा वीस मिनिटे. थकल्यावर नाही, थकायच्या आधी थांबायचे. हे शिकायला वेळ लागतो, आणि अंगमेहनतीत वाढलेल्या माणसाला ते लाजिरवाणे वाटते हेही खरे.

मोबाईल हा विश्रांती नव्हे. डोके दुखणाऱ्याने त्यात डोळे घालून बसू नये. झोपेसाठी 'घोटभर' घेण्याचा सल्ला मित्र देतात, तो तर मुळीच ऐकू नये. पंचशीलातले पाचवे शील इथे वैद्यकाच्याही कामी येते, कारण दारूने झोप तुटते आणि डोकेदुखी वाढते. मेडिकलमधून रोज दुखीच्या गोळ्या आणून गिळणे हेही थांबवावे. महिन्यात दहा-पंधरा दिवसांहून जास्त गोळ्या पडू लागल्या की पुढे गोळीच डोके दुखवू लागते. सोळा वर्षांखालच्या मुलांना तापात अ‍ॅस्पिरिन कधी देऊ नये.

पुन्हा ताप चढला, पुन्हा उलट्या लागल्या, माणूस गुंगीत जाऊ लागला किंवा बरळू लागला, फिट आली, एकाचे दोन दिसू लागले, एका बाजूचा हात-पाय ढिला पडला, ऐकू येईनासे झाले, तर वाट पाहू नये. रात्र असो, पाऊस असो, टॅक्सी करून के.ई.एम., नायर, जवळ असेल तिथे न्यावे आणि जुने डिस्चार्ज कार्ड बरोबर घ्यावे. तान्ह्या मुलाची मान आखडेलच असे नसते. ते दूध ओढत नाही, एकसारखे किरकिरते किंवा अगदी मलूल पडते, टाळू फुगते. त्याला ताबडतोब न्यावे.

विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे, बाबासाहेबांनीही तो 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात घेतला आहे. एका भिक्खूला अतिसार झाला होता आणि तो आपल्याच घाणीत पडून होता. आनंदासह फिरत असताना तथागत तिथे आले. तुझी सेवा कोणी करीत नाही का, असे त्यांनी विचारले. तो नाही म्हणाला. का, असे विचारल्यावर त्याने सांगितले की मी दुसऱ्या भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझ्याकडे बघत नाहीत. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणवले, स्वतः ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले, आणि दोघांनी त्याला डोक्याकडून व पायांकडून धरून खाटेवर निजवले.

ही गोष्ट आपल्या विहारांतून नेहमी सांगतात. पण तिला लागूनच पुढे जे आले आहे ते कमी सांगतात आणि आपल्या कामाचे तेच आहे. कोणत्या रोग्याची सेवा करणे कठीण आणि कोणत्या रोग्याची सोपी, हे तिथे दिले आहे. जो हितकर तेवढे करतो, हितकर गोष्टीचीही मर्यादा ओळखतो, औषध घेतो, दुखणे सोसतो आणि सेवा करणाऱ्याला आजार आहे तसा सांगतो, म्हणजे वाढत असेल तर वाढतो आहे, उतरत असेल तर उतरतो आहे, थांबला असेल तर थांबला आहे, त्याची सेवा सोपी. सेवा करणाऱ्याच्याही अटी आहेत. त्याला औषध करता यावे, रोग्याला काय चालते आणि काय नाही हे कळावे, त्याने मैत्रीने सेवा करावी, लोभाने नाही, मलमूत्र-वांतीची किळस करू नये, आणि धम्माच्या गोष्टी सांगून रोग्याचे मन उभे करावे.

आजार आहे तसा सांगणे आपल्या घरांतल्या पुरुषांना सर्वांत जड जाते. मुकादमाचा फोन आला की "येतो येतो, बरा आहे", आणि बायकोसमोर डोके धरून बसणे. मग बायकोने कोणते खरे मानावे? माझे सांगणे असे की एक वही करावी. रोज रात्री तीन ओळी. आज किती तास उठून होतो, डोके किती वेळ दुखले, झोप कशी झाली. स्वतःला लिहायला त्रास होत असेल तर शाळेत जाणाऱ्या पोराने लिहावे. महिन्याने मागची पाने उलटली की सुधारणा दिसते, जी रोजच्या रोज दिसत नाही. ओपीडीत डॉक्टरांना दोन मिनिटांत सगळे कळते. आणि सासूबाईंनाही कळते. त्यांना हे पान वाचून दाखवावे, भांडण करू नये. ज्या आईने मुलाला वाढवले तिला त्याचे रिकामे बसणे बघवत नाही, म्हणून ती बोलते.

बाबासाहेबांचे उदाहरण द्यावेसे वाटते. मधुमेहाने आणि पायांच्या नसांच्या दुखण्याने त्यांना रात्र-रात्र झोप नसे. घटनेच्या मसुद्याच्या त्या काळात ते मुंबईला आले की गिरगावात डॉ. मालवणकरांकडे उपचार घेत. तिथेच काम करणाऱ्या डॉ. शारदा कबीर यांच्याशी १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह झाला. त्याच आपल्या माईसाहेब. त्यांच्या आठवणींचे 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' हे पुस्तक १९९० साली निघाले. पथ्य, औषधे, विश्रांती यांवर त्या शेवटपर्यंत लक्ष ठेवून होत्या. आणि बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांना प्रकृतीविषयी उघडपणे लिहीत. ज्यांनी देशाची घटना लिहिली त्यांना आजारी आहे असे म्हणायला कमीपणा वाटला नाही, तर बारा तासांची ड्यूटी करणाऱ्या आपल्या माणसाला का वाटावा?

शांत व अंधाऱ्या खोलीत विश्रांती द्या, असे कागदावर लिहून देतात. आपली बी.डी.डी. चाळीची खोली १६० चौरस फुटांची, तिच्यात सहा माणसे, आणि बाहेर लालबागचा रस्ता. तरी काही करता येते. कपाट आडवे लावून कोपरा करावा, खिडकीला गडद चादर, ट्यूबऐवजी लहान दिवा, बाहेर पडताना टोपी. पोरे शाळेत असतात त्या वेळेत त्यांनी निजावे, घरातली आदळआपट दुसऱ्या वेळेला ठेवावी. टीव्ही शेजारच्या खोलीत बघायला पोरांना पाठवावे, शेजार त्यासाठीच असतो. गणपतीच्या ढोल-ताशांबद्दल आपण तावातावाने बोलतो, पण १४ एप्रिलला आपल्या पोरांनी लावलेल्या स्पीकरचे तोंड कोणाच्या खिडकीकडे असते? मंडळाच्या मुलांना आधी जाऊन शांतपणे सांगावे. सांगितले की मुले ऐकतात. आजवर त्यांना कोणी सांगितलेले नसते.

आजारी मूल असेल तर शाळेत जाऊन बाईंना भेटावे, पहिले काही आठवडे अर्धा दिवसच पाठवावे आणि शिकवणी बंद ठेवावी. बुडालेला अभ्यास भरून निघतो.

आजार लागतो का, असेही पत्रात विचारले आहे. विषाणू दुसऱ्याला लागू शकतो, पण लागला तरी बहुतेकांना साधा ताप, घसा नाहीतर जुलाब होऊन जातो, कित्येकांना काहीच होत नाही. तो शौचावाटे काही आठवडे बाहेर पडत राहतो. म्हणून सार्वजनिक संडासातून आल्यावर आणि भाकरीला हात घालण्याआधी साबणाने हात धुणे, हे घरातल्या प्रत्येकाने करायचे. लहान मुलाचे दुपटे धुतल्यावरही. याखेरीज काही नको. पत्रात ओझरता उल्लेख आहे की सासूबाईंनी त्यांचे ताट-तांब्या वेगळा काढला आहे. साबणाने घासलेले भांडे कोणाचेही असो, ते स्वच्छ असते. ज्यांच्या आज्या-पणज्यांना वरून ओंजळीत पाणी ओतले जाई, त्या घरात आपल्याच मुलासाठी वेगळा तांब्या कोनाड्यात ठेवलेला असावा, हे वाचून मला फार वाईट वाटले. तो तांब्या आजच्या आज बाकीच्या भांड्यांत मिसळावा.

शेजारणीच्या 'बाहेरचे लागले'बद्दल लांबण लावत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराने अंगारे-दोऱ्यांच्या दारात जायचे नाही, आणि गेलो तर भाडे, दक्षिणा आणि रांगेत उभे राहण्याची शक्ती असे तिहेरी नुकसान. घरी परित्राण पाठ ठेवावा असे वाटत असेल तर जरूर ठेवावा. आजाऱ्यापाशी बोज्झंग सुत्त म्हणण्याची परंपरा आहे आणि तथागतांनी सांगितलेले मन उभे करण्याचे काम त्याने होते. मात्र माईक नको, पन्नास माणसे नकोत. भन्तेजी आणि घरची चार माणसे, हळू आवाजात, पंधरा मिनिटे. औषधाच्या वेळा तशाच चालू.

राहिला पोटाचा प्रश्न, आणि सर्वांत मोठा हाच. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते. कामगाराच्या आजारपणाच्या विम्याची योजना आखण्याचे काम १९४३ साली प्रा. बी. पी. आडारकर यांना दिले गेले, १९४४ साली त्यांचा अहवाल आला, आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. तोच आपला ई.एस.आय. कामगार आजारी पडला तर औषध आणि घरखर्चाला काही पैसा हा त्याचा हक्क आहे, उपकार नव्हे, असे त्यात धरलेले आहे.

तेव्हा आधी मिस्टरांच्या पगाराची पावती काढा. २०१७ पासून महिना २१,००० रुपयांपर्यंतचा पगार या योजनेत धरला गेला आणि जुलै २०१९ पासून कामगाराच्या पगारातून शंभर रुपयांमागे ७५ पैसे कापण्याचे ठरले. अशी कपात दिसत असेल तर नंबर असणारच, ठेकेदार सांगत नसला तरी. हिशेब ठरलेल्या सहा-सहा महिन्यांच्या मुदतीने होतो. त्यातल्या लागू मुदतीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असली तर आजारपणात सरासरी रोजाच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. पहिले दोन दिवस सहसा धरत नाहीत. उपचार पालिकेच्या इस्पितळात झाले असले तरी तिथले कागद घेऊन आपल्या ई.एस.आय. दवाखान्याच्या डॉक्टरांकडे जायचे आणि त्यांचा दाखला घ्यायचा. परळलाच महात्मा गांधी स्मारक हे ई.एस.आय.चे इस्पितळ आहे. दाखल्यात खाडा पडू देऊ नका, पुढच्या तारखेला जाणे चुकले की तेवढे दिवस अडकतात. वही इथेही दाखवायची. कामावर परतताना पहिला महिना दिवसपाळी आणि बसून करायचे काम मिळावे, असे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि मुकादमाला तोंडी न सांगता त्या कागदाची झेरॉक्स द्या, आपल्या प्रतीवर त्याची सही घ्या. रात्रपाळी इतक्यात नको. मोडलेली झोप हेच या डोकेदुखीचे खाद्य आहे.

कपात नसेल, म्हणजे नाक्यावर काम असेल, घरकाम असेल, तर हा पैसा नाही. हे कटू आहे, पण आहे. तिथे वस्तीनेच काही केले पाहिजे. गिरण्या चालू होत्या तेव्हा बदली कामगार असत. आपल्या महिला मंडळांनी तीच रीत घरकाम करणाऱ्या बायांसाठी लावावी. एखादी भगिनी आजारी पडली की तिची दोन घरे दुसरीने, दोन तिसरीने धरायची, आणि पहिल्याच दिवशी त्या घरच्या बाईंना सांगायचे की हे काम तिचेच आहे, मी बदलीवर आले आहे, ती बरी झाली की तीच येईल. पगार कसा वाटायचा ते मंडळात आधीच ठरवून वहीत लिहून ठेवायचे, म्हणजे मागाहून कुरबूर नको.